पिळाची अट

ठाणे-डोंबिवली पाहायला म्हणून कुणी जात नाही. अकोल्याहून तर नाहीच. मी परत आले तेव्हा शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "मग, समुद्र पाहिला का?" मी म्हटलं, "नाही, दोर पाहिला." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी नेहमीसारखी तिरकस बोलतेय. खरं तर त्या चार दिवसांत मी एकदाही तिरकस बोलले नाही, तेवढं अवसानच नव्हतं.

साल एकोणनव्वद, महिना जानेवारीचा. मी तेव्हा अडतीस वर्षांची, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी, आणि गेली नऊ वर्षं पीएचडीचं लोढणं गळ्यात घेऊन फिरणारी. माझा विषय होता डीएनएच्या रेणूची लवचीकता. डीएनए म्हणजे पीळ दिलेली दोरीची शिडी धरा. साधारण साडेदहा पायऱ्यांनी तिचा एक पीळ पुरा होतो. या शिडीचा दीड-दोनशे पायऱ्यांचा आखूड तुकडा घेतला तर तो वाकून स्वतःचं शेपूट स्वतःच पकडतो का, म्हणजे त्याचं कडं होतं का, आणि किती वेळा होतं, याचा हिशेब मी संगणकावर मांडत होते. त्यावरून रेणू किती ताठ, किती मऊ ते कळतं.

माझ्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात एक मोठं विधान होतं: डीएनए वाकायला ताठ आहे, पण पिळायला मऊ आहे, लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळच मऊ. हेच विधान माझ्या आणि माझे मार्गदर्शक साठे सर यांच्या नावाने एका नियतकालिकात छापूनही आलं होतं. आणि आता बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. त्यात एकच आक्षेप. प्रयोगशाळेत लांबी एकेका पायरीने वाढवत नेली की कडी होण्याचं प्रमाण वर-खाली, वर-खाली होतं. तुमचा आलेख मात्र सपाट आहे, असं का? उत्तर, मार्गदर्शकाच्या सहीनिशी, सोमवारी पाचच्या आत नागपूरला विद्यापीठाच्या कचेरीत पोचलं नाही तर नोंदणी रद्द. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. तिसरी मिळत नाही.

म्हणून बुधवारी पहाटे मी कल्याणला उतरले.

बुधवार, ठाणे

साठे सर निवृत्त होऊन ठाण्याला नौपाड्यात राहायचे, पहिल्या मजल्यावर, माईंसोबत. नऊ वर्षांत मी त्यांना समोरासमोर पाच-सहा वेळाच भेटले होते. बाकी सगळं मार्गदर्शन पोस्टाने. सर प्रत्येक पत्र खाली कार्बन घालून लिहायचे, आणि ती प्रत सालवार फाइलीला लावायचे. भिंतीला लागून अशा फाइलींचं एक कपाटच होतं. त्यांची मला आलेली पत्रं मी एका खोक्यात ठेवलेली. गेल्या पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. हे मी त्यांना एकदा कळवून बसले होते. उलट टपाली दोन ओळी आल्या होत्या: "पत्रे जपणे हा संशोधनाचाच भाग आहे. अक्षर सुधारा." प्रत्येक पत्राच्या शेवटी हे 'अक्षर सुधारा' असायचंच.

"या बाई," सर म्हणाले. मला ते बाईच म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हातात भिंग. "अहवाल वाचला मी. गृहस्थांना आपलं विधान कळलेलं नाही."

"पण सर, आलेख सपाट का हे..."

"सपाट आहे कारण रेणू पिळाला मऊ आहे. म्हणून लांबी काहीही असो, पीळ थोडा इकडे-तिकडे झाला तरी त्याला पर्वा नाही. आपलं प्रकरणच ते आहे. अजून दहा-बारा लांब्या घ्या, दाखवा की सगळीकडे सपाटच येतंय. शुक्रवारी प्रधान यंत्र देतोय ना?"

प्रधान हा सरांचा जुना विद्यार्थी, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट. तिथे वीज वाचवण्यासाठी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी असते. हे मला नवीन होतं. आमच्याकडे अख्खं गाव रविवारी झोपतं. तर शुक्रवारी कारखाना बंद, हिशेबखात्यातला नवा कोरा संगणक मोकळा, आणि साहेबांची तोंडी परवानगी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आमच्या कॉलेजच्या यंत्राला हेच काम करायला पंधरवडा लागला असता.

जेवायला माईंनी डाळिंब्यांची उसळ केली होती. इकडे वालाला मोड काढून, एकेक दाणा सोलून उसळ करतात. आमच्या वऱ्हाडात इतका वेळ कुणी एका दाण्याला देत नाही. आमटीत गूळ होता, भाजीत गूळ होता, आणि तिखट मागितलं तर माईंनी लोणच्याची बरणी पुढे केली. मी ती अर्धी रिकामी केली. माई कौतुकाने बघत होत्या. सर म्हणाले, "त्या ताणात आहेत, खाऊ दे." तेवढंच काय ते प्रेमाचं वाक्य. मला बरं वाटलं.

बैठकीच्या टेबलावर काच होती, आणि काचेखाली आमच्या छापील लेखाचं पहिलं पान. चहाचा कप ठेवताना सर तेवढी जागा सोडून ठेवत. निवृत्तीनंतरचा त्यांचा तो एकमेव लेख होता.

गुरुवार, चेंदणी

सरांच्या डोक्यात अजून एक गोष्ट होती. पुढे तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकांना दाखवायला दोराचं एक कडं हवं. त्यांनी तीन पदरांचा जाड दोर आणवला होता, एका पदराला माईंकडून लाल सूत गुंडाळून घेतलं होतं, म्हणजे पीळ कसा फिरतो ते लांबूनही दिसावं. आता याची दोन टोकं गाठ न मारता सांधायची होती. "कोळीवाड्यात हिराजी म्हणून आहेत," सर म्हणाले. "होडीचे दोर तेच सांधतात. जाऊन या."

मला राग आला होता. उत्तराचा मसुदा व्हायचा, उद्याची तयारी व्हायची, आणि मी पिशवीत दोर घालून कोळीवाडा शोधत फिरतेय. पण नाही म्हणायची सोय नव्हती. सही त्यांची हवी होती.

चेंदणीचा कोळीवाडा स्टेशनाच्या पलीकडे, खाडीकडे तोंड करून. घरांपुढे बांबूंवर जाळी वाळत घातलेली, मधे तुळशी, मधे मोटारसायकली. वास जबरदस्त. मी पदर नाकाला लावणार होते, पण ओट्यावर बसलेली एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती, म्हणून लावला नाही. तीच हिराजींची बायको निघाली, जनाबाई.

हिराजी साठीचे, कानात सोन्याची बाळी, मांडीवर फाटकं जाळं. दोर हातात घेऊन त्यांनी आधी पीळ बघितला, मग लाल पदर बघितला, मग माझ्याकडे.

"यो लाल कशाला?"

मी सांगितलं, शिकवायला.

"म्हंजे लालला लालच लागला पायजे?"

"हो, तसंच. एक अखंड कडं दिसलं पाहिजे."

त्यांनी दोर जमिनीवर गोल मांडला, टोकाला टोक आणलं, आणि मान हलवली. "ना जुलाचा. नाय जुलत यो." इथली माणसं ळ चा ल आणि ड-ढ चा र करतात, हे मला तोवर कळलं होतं. "ही बग. टोक टोकाला लागलं. पन लाल हितं वर हाय, आन तिकरं खाली. अर्धा पील उरतोय. चार बोटं काप, मंग जुलल. नायतं चार बोटं वारव."

"थोडा पिळून जुळवता नाही येणार?" मी विचारलं. मनात पाचवं प्रकरण होतं. पिळाला मऊ.

हिराजी हसले नाहीत. शिकवण्याच्या सुरातच म्हणाले, "धर ती बाजू." मी माझं टोक घट्ट धरलं. त्यांनी आपलं टोक अर्धा वेढा फिरवून लाल लालला आणला, दोन्ही टोकं मुठीत आवळली आणि मला म्हणाले, "सोड आता." मी हात काढला. जमिनीवर गोल पडलेला दोर आपोआप उचलला गेला, मधे स्वतःवरच चढला, आणि त्याचा इंग्रजी आठ झाला.

"बगलास? पिललास तर तो गप नाय बसाचा. मंग कोन कोना जुलवतंय? आमी आधी पील मोजतो, मंग दोर कापतो."

मी त्या आठाकडे बघत उभी राहिले. अंगावर काटा आला म्हणजे काय ते मला त्या ओट्यावर कळलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो. पुस्तकात आहे, माझ्याच दुसऱ्या प्रकरणात आहे: कडं व्हायला टोकं नुसती भेटून चालत नाहीत, पिळाला पीळ जुळावा लागतो. ती अट माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. मीच लिहिली होती. पण मग आलेख सपाट का? साडेदहा पायऱ्यांना एक पीळ, तर पाच पायऱ्या वाढल्या की असाच अर्धा पीळ उरणार, आणि तिथे कडी कमी व्हायलाच हवीत. पुढच्या पाच पायऱ्यांनी पुन्हा वाढायला हवीत. वर-खाली, वर-खाली. परीक्षक तेच तर विचारत होते.

"गो, बस," जनाबाई म्हणाल्या. "तोंड पांढरं पडलंय तुझं. जेवलंस का?"

त्यांनी तांदळाची भाकरी आणि वर कोरडी लालसर चटणी दिली. आमच्याकडे भाकरी ज्वारीची. ही पांढरी, मऊ, पातळ. चटणी झणझणीत होती. दोन दिवसांनी तोंडाला चव आली आणि मी न विचारता दोनदा मागून घेतली. मग विचारलं, कशाची? "सुका जवला," त्या म्हणाल्या. म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा शिवलेला नाही. मी घास तोंडात धरून क्षणभर थांबले, आणि गिळला. त्या दिवशी बाटण्यापेक्षा मोठी काळजी माझ्या पाठीला लागली होती.

हिराजींनी तेवढ्यात चार बोटं दोर कापला, लाकडाच्या टोकदार खुंटीने पदर उकलून एकमेकांत ओवले आणि कडं माझ्या हातात दिलं. सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडेना. जमिनीवर ठेवलं तर चपटं, गप्प पडून राहिलं.

गुरुवार संध्याकाळ, ठाणे

सरांच्या घरी येऊन मी प्रोग्रॅमची छापील भेंडोळी जमिनीवर पसरली. ओळ सापडायला दहा मिनिटं लागली. पिळाची अट, एकच ओळ. आणि तिच्या पहिल्या रकान्यात इंग्रजी सी. त्या संगणकी भाषेत ओळीच्या सुरुवातीला सी असला की यंत्र ती ओळ वाचतच नाही, शेरा समजून पुढे जातं. म्हणजे अट कागदावर होती, पण यंत्राने ती कधीच पाळली नव्हती. टोकाला टोक लागलं की झालं कडं, असं ते मोजत बसलं होतं. रेणू पिळाला मऊ नव्हता. आम्ही त्याला पिळाबद्दल विचारलंच नव्हतं.

सगळं आठवलं. चार-साडेचार वर्षांपूर्वीची गोष्ट. अट घातली की कडी इतकी कमी मिळायची की कॉलेजचं यंत्र आठवडाभर चालूनही हाती काही येईना. तेव्हा वेळ वाचवायला ती तात्पुरती बंद केली होती. पुढे उघडायची राहून गेली. आणि त्यानंतर आलेला सपाट आलेख बघून आम्ही दोघांनी त्यावर अख्खं प्रकरण उभारलं.

सर आरामखुर्चीत होते. मी कडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर सांगवलं नसतं.

ते बराच वेळ कड्यावरून बोटं फिरवत होते, सांधा शोधल्यासारखे. मग म्हणाले, "अट बंद कुणी केली?"

"मी, सर."

"कुणाला विचारून?"

"आठवत नाही. वेळ वाचावा म्हणून केली असेन."

"असेन?"

"केली."

"मग ती चूक तुमची आहे, बाई." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "लेख छापून आलेला आहे. त्यावर माझं नाव आहे."

"उद्या अट सुरू करून चालवते. आलेख वर-खाली आला तर उत्तरात तसं लिहू. पाचवं प्रकरण मागे घेऊ. संगणकातलं रेणूचं प्रतिरूप तर बरोबरच ठरेल की, सर."

"तुम्ही लिहा काय ते. मी वाचल्याशिवाय सही करत नाही. आणि वाचून करीनच असं नाही."

ते जेवायला उठले नाहीत. माई दोनदा हाक मारून आल्या, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जेव गं," आणि वाढून गेल्या. मी आमटीतला गूळ मुकाट्याने खाल्ला. मला स्वतःचा राग आला होता आणि त्यांचाही. नऊ वर्षं ज्या माणसाच्या 'अक्षर सुधारा'ला मी हो म्हणत आले त्याने एवढ्यात हात झटकावे? दुसऱ्या मिनिटाला वाटायचं, झटकेल नाही तर काय करेल. सी मीच टाकला होता.

शुक्रवार, डोंबिवली

प्रधान विठ्ठलवाडीला राहायचा. सकाळी स्कूटर घेऊन डोंबिवली स्टेशनाबाहेर हजर. "मी काल संध्याकाळी बघून आलेलो मॅडम, मशीन एकदम टकाटक आहे. तुम्ही टेन्शन नका घेऊ." मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यालाच टेन्शन आलं. "सर सही नाही करणार? अरे बापरे. सरांनी आम्हाला एका मार्कासाठी वर्ष फुकट घालवायला लावलेलं."

बंद असलेली औद्योगिक वसाहत मी पहिल्यांदा बघितली. रस्ते रिकामे, धुराडी गप्प, आणि तरी हवेत डोळे चुरचुरतील असा वास. गटारातून निळं पाणी वाहत होतं. प्रधान म्हणाला, काल लाल होतं. रखवालदाराने कुलूप काढलं, वहीत नावं लिहून घेतली आणि बजावलं, "साहब, छे बजे मतलब छे बजे."

आठ वाजून दहा मिनिटांनी मी तो सी खोडला. एक कळ दाबायची, बस्.

काम असं चालतं: यंत्र रेणूच्या अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांचे हजारो आकार तयार करतं, मग त्यांच्या जोड्या लावून बघतं की कुठल्या जोडीचं कडं जमतं. एकेका लांबीला साधारण पन्नास मिनिटं. पूर्ण लाट दिसायला निदान दहा-बारा लांब्या हव्यात, म्हणजे दिवस जेमतेम पुरणार होता. मी प्रत्येक लांबीनंतर उत्तर फ्लॉपीवर उतरवायची सोय केली होती, आणि पायरी-पायरीने न जाता आधी दोन-दोन पायऱ्यांच्या अंतराने लांब्या घ्यायच्या ठरवल्या.

पहिल्या लांबीचा आकडा आला. दुसरीचा त्याहून कमी. तिसरीचा आणखी कमी. मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने ठिपके देत होते. तीन ठिपके उतरत गेले म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. पुन्हा चढले पाहिजेत. प्रधानने वडापाव आणले, आम्ही दोघांनी यंत्राकडे बघत खाल्ले. चौथा ठिपका अगदी तळाला. पाचवा किंचित वर. सहावा वर.

"येतंय, मॅडम," प्रधान म्हणाला. त्याने पाव खाली ठेवला होता.

पावणेदोनला वीज गेली. पडदा काळा झाला, पंखा थांबला. शुक्रवारी कारखाने बंद म्हणून वीज मंडळ तारांची दुरुस्ती त्याच दिवशी काढतं, हे प्रधानला माहीत असायला हवं होतं. तो कपाळाला हात लावून उभा राहिला. "च्यायला. सॉरी मॅडम. मी विसरलेलो."

विसरण्याबद्दल मी कुणाला बोलणार?

दोन तास आम्ही पायरीवर बसलो. प्रधानने मला आंबिवलीच्या मामांची, टिटवाळ्याला घेतलेल्या प्लॉटची हकिकत सांगितली. मी हं हं करत घड्याळ बघत होते. फ्लॉपीवर सहा आकडे सुरक्षित होते, सातवी लांबी गेली. सहा ठिपक्यांची नुसती एक दरी होते. दरीपलीकडचा चढ पूर्ण दाखवून परत उतार दिसला नाही तर परीक्षक म्हणणार, योगायोग. आणि सर म्हणणार, यावर मी माझा लेख मागे घेऊ?

चारला दहा कमी असताना पंखा फिरला. सहापर्यंत दोनच लांब्या होणार होत्या, आणि त्या कुठल्या हे आताच ठरवायचं होतं. मी हिराजींची चार बोटं आठवून विचार केला. तळ कुठे आहे ते दिसलं होतं. तर त्याच्यापुढे बरोबर अर्ध्या पिळावर शिखर असणार, आणि एका पिळावर पुन्हा तळ. मधलं सगळं सोडून मी त्या दोनच लांब्या घातल्या. चुकलं असतं तर सगळंच गेलं असतं.

पन्नास मिनिटांनी पहिला आकडा आला. शिखर. सकाळच्या पहिल्या आकड्याच्याही वर. रखवालदार दारात येऊन उभा राहिला, त्याला प्रधानने बिडी देऊन बाहेर नेलं. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी दुसरा. तळ. मी ठिपका दिला आणि पेन्सिल खाली ठेवली. मला रडू येत होतं, आनंदाचं की कशाचं ते कळत नव्हतं. प्रतिरूप खरं होतं. आणि पाचवं प्रकरण, आमचा लेख, सरांच्या टेबलाच्या काचेखालचं पान, सगळं खोटं होतं.

फोनच्या बूथवरून सरांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. सर आले. मी सांगितलं: लाट आली, साडेदहाचीच आली. उत्तर रात्रीतून लिहीन. उद्या सकाळी कल्याणहून नऊची गाडी आहे, रविवारी रात्री अकोल्याहून निघेन, सोमवारी नागपूर. तुमची सही.

"बघू," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

शनिवार, कल्याण

प्रधानच्या घरी मी उत्तर लिहिलं. सव्वा पान झालं. आक्षेप योग्य आहे, पिळाची अट अनवधानाने बंद राहिली होती, ती सुरू करून काढलेला आलेख सोबत जोडला आहे, पाचव्या प्रकरणातील विधान मागे घेत आहे. चूक सर्वस्वी माझी. 'सर्वस्वी' दोनदा खोडून दोनदा लिहिलं.

साडेआठपासून फलाटावर उभी होते. पिशवीत कपडे, फ्लॉपी, आणि दोराचं कडं. प्रधान पुलाच्या जिन्याकडे बघत होता. "सर येतील मॅडम," असं तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा, आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा बारीक. नऊला पाच कमी असताना गाडी आत आली.

माई आधी दिसल्या. त्यांचा हात धरून सर जिना उतरत होते, एकेक पायरी चाचपत. काखेत एक जुनी फाइल.

"कुठंय तुमचं उत्तर?"

मी कागद दिला. त्यांनी भिंग काढलं आणि फलाटावरच्या बाकावर बसून वाचायला लागले. एकेक शब्द. गाडी फार थांबत नाही हे त्यांनाही माहीत होतं. प्रधान डब्याच्या दाराला लटकून राहिला, जणू त्याने धरल्याने गाडी थांबणार होती. मी माईंकडे बघितलं. माई जमिनीकडे बघत होत्या.

"हे 'सर्वस्वी' कशाला लिहिलंत?"

"सर, चूक माझीच आहे म्हणून."

त्यांनी फाइल उघडली. पातळ कागद, निळं कार्बनचं अक्षर, मला आलेल्या आणि वाळवीने खाल्लेल्या एका पत्राची प्रत. मधल्या ओळीवर बोट ठेवलं. 'पिळाची अट तूर्त बंद ठेवा, यंत्राचा वेळ वाचेल. मी पुढे आठवण करीन.'

मी तीनदा वाचलं. मला हे पत्र आल्याचंच आठवत नव्हतं.

"मला गुरुवारीच आठवलं," सर म्हणाले. "तुम्ही दोर मांडीवर ठेवलात तेव्हाच. कोणत्या फाइलीत आहे तेही. दोन दिवस मी कपाट उघडलं नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुमचं खोकं वाळवीने खाल्लंय. कुणाला कळलं नसतं."

शिट्टी झाली. त्यांनी 'सर्वस्वी माझी' वर रेघ मारली, वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, खाली सही केली, आणि ते पत्र उत्तराला टाचणीने जोडलं.

"सर, ही तुमची एकच प्रत आहे."

"हो. जा आता, गाडी सुटेल."

प्रधानने मला जवळजवळ उचलूनच डब्यात ढकललं. वाकून पाया पडायचं राहून गेलं. कल्याण मागे पडलं तेव्हा मी कागद उलगडला. खोडलेल्या शब्दांवर लिहिलं होतं, 'मार्गदर्शकाच्या सूचनेवरून'. इगतपुरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. समोरच्या बाईने विचारलं, माहेरून निघालात का? मी हो म्हटलं.

मग मी वही काढली आणि ते पत्र जसंच्या तसं, तारखेसकट, शक्य तितक्या चांगल्या अक्षरात उतरवून काढलं. गाडी हलत होती, ओळी तिरप्या गेल्या. सोमवारी दुपारी उत्तर कचेरीत दिलं, पोच घेतली, आणि बाहेर पडून पहिल्यांदा पोस्ट गाठून वहीतली ती नक्कल सरांना धाडली. त्यांच्या फाइलीत त्या तारखेची जागा रिकामी राहू नये, एवढंच मनात होतं.

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांची ओळ तिरपी घसरली होती, डोळ्यांनी असेल.

'प्रत मिळाली. जागेवर लावली. काचेखालचे पान काढून तिथे तुमचा आलेख ठेवायचा आहे, एक पाठवा. अक्षर सुधारा.'